झऱ्याची वही

बादली दहा लिटरची होती आणि तिच्या आतल्या बाजूला, दहा लिटर पाणी जिथवर चढते तिथे, खिळ्याने एक आडवा ओरखडा काढलेला होता. मे महिन्यातल्या एका सकाळी सहा वाजता, उत्तराखंडातल्या कुमाऊँमधल्या एका नदीखोऱ्यातल्या गावात, दगडी तोटीतून पडणाऱ्या पाण्याखाली ही बादली घेऊन आम्ही तिघी उभ्या होतो. बादली मी धरली होती, गावातल्या एक भाभी मोबाइलवरच्या स्टॉपवॉचवर बोट ठेवून होत्या, आणि गावाने ज्या मुलीकडे झऱ्यांची नोंद ठेवण्याचे काम सोपवले आहे ती वही उघडून पायरीवर बसली होती. पाणी ओरखड्यापर्यंत यायला १६० सेकंद लागले. तीन वेळा मोजले, तिन्ही आकडे लिहिले, सरासरी काढली आणि मग तिने शेजारच्या रकान्यात भागाकार करून लिहिले: मिनिटाला पावणेचार लिटर. दिवसरात्र पडणारे हे सगळे पाणी एक थेंबही वाया न घालवता साठवले, तर ते ५,४०० लिटर होते. आणि जल जीवन मिशनचा माणशी रोज ५५ लिटरांचा हिशोब लावला, तर ते ९८ माणसांना पुरते. त्या तोकात, म्हणजे वाडीत, माणसे त्याहून जास्त आहेत आणि गाईम्हशी या हिशोबात धरलेल्याच नाहीत.

ही वही मला इतकी महत्त्वाची का वाटते, हे सांगण्यासाठी आजचे लिहिणे आहे. गेली तीन वर्षे एका लहानशा अभ्यासगटाबरोबर मी या खोऱ्यात जाऊन-येऊन आहे. माझे शिक्षण भूशास्त्राचे आहे. गटात वनस्पतींचा अभ्यास करणारे एक जण आहेत, ग्रामविकासाचे काम केलेल्या एक बाई आहेत, आणि गावातल्या सात जणी व चार जण पहिल्यापासून आमच्यात आहेत. गावाचे नाव मी इथे लिहिणार नाही. तसे गावाच्या बैठकीत ठरले आहे, आणि त्यामागचे कारण पुढे येईल.

हिमालयातल्या बहुतेक गावांना पाणी नदीतून मिळत नाही, ही गोष्ट मैदानात राहणाऱ्याच्या चटकन ध्यानात येत नाही. नदी खाली दरीत, दोनतीनशे मीटर खोल वाहत असते. गाव उतारावर असते. आणि गावाचे पाणी म्हणजे डोंगराच्या कुशीतून बाहेर पडणारा झरा. तो तोटीतून वाहता ठेवला तर धारा, आणि जमिनीतल्या पाझरावर पायऱ्यांचे छोटेसे दगडी कुंड व वर छप्पर बांधले तर नौला. कुमाऊँवर पूर्वी राज्य करणाऱ्या कत्यूरी आणि चंद राजांच्या काळातले नौले अजून वापरात आहेत आणि त्यांच्या बांधकामात चुन्याशिवाय रचलेले दगड असे बसवलेले असतात की पाणी तिन्ही बाजूंनी झिरपत आत येते. नीती आयोगाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातल्या सुमारे ५० लाख झऱ्यांपैकी जवळपास ३० लाख झरे भारतीय हिमालयाच्या पट्ट्यात असल्याचे म्हटले आहे आणि त्यांतले निम्मे आटत चालल्याचे किंवा हंगामी झाल्याचे नमूद केले आहे. ही काळजी त्याहीपेक्षा जुनी आहे. कुमाऊँचेच सुपुत्र असलेले भूशास्त्रज्ञ खडगसिंह वल्दिया आणि त्यांचे सहकारी बर्तर्य यांनी १९८० च्या दशकात गौला नदीच्या खोऱ्यातल्या झऱ्यांचा अभ्यास करून, तिथल्या अनेक झऱ्यांचे पाणी २५ ते ७५ टक्क्यांनी घटल्याचे दाखवून दिले होते.

आम्ही गेलो तेव्हा आमच्याकडे एक तयार प्रश्न होता: हवामानबदलाचा या खोऱ्यातल्या उपजीविकेवर काय परिणाम होतो आहे? प्रश्न चुकीचा नव्हता, पण तो आमचा होता. पहिल्या बैठकीत आम्ही तो मांडला तेव्हा सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मागच्या ओळीत बसलेल्या एका आमांनी, म्हणजे आजींनी, विचारले, "बेटी, तुम्ही पाणी मोजून आकडा घेऊन जाल. मग आमच्याकडे काय राहील?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. काही वर्षांपूर्वी एक पथक आले होते, घरोघरी लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, दोन दिवस बायकांचे गवतकापणीचे काम बुडाले होते, आणि त्यानंतर त्या कागदांचे काय झाले हे कोणीही कळवले नव्हते. याहून वाईट अनुभव शेजारच्या गावाचा होता. तिथल्या एका बारमाही झऱ्याची माहिती कुठल्याशा सर्वेक्षणात नोंदली गेली आणि दोन वर्षांच्या आत रस्त्याकडेच्या एका पर्यटक निवासासाठी त्या झऱ्याला नळ जोडला गेला. दोन घटनांचा खरोखर संबंध होता की नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ज्या झऱ्याचा आकडा बाहेर जातो त्या झऱ्यावर डोळा ठेवणारा कोणी तरी निर्माण होतो, ही गावाची भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस माझ्याजवळ नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत आमचा प्रश्न बाजूला पडला होता आणि गावाचे दोन प्रश्न फळ्यावर लिहिले गेले होते. पहिला, या धाऱ्याचे पाणी पावसाळा सुरू होईपर्यंत टिकेल का. दुसरा, वरच्या तोकासाठी मंजूर झालेली नळयोजना याच झऱ्याच्या उगमावर बसवली तर खालच्या नौल्यात किती पाणी उरेल. दोन्ही प्रश्न मोजता येण्याजोगे होते, दोघांच्याही उत्तरावर कोणाच्या तरी घरातले रोजचे कष्ट अवलंबून होते, आणि हवामानबदलाचा आमचा मोठा प्रश्न या दोन्हींच्या पोटात होताच.

आमांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ठरले ते असे: मूळ वही गावात राहील, आम्ही तिचा फोटो काढून नेऊ, आकडे गावाच्या संमतीशिवाय कुठेही छापले जाणार नाहीत, आणि काही छापले गेलेच तर नोंद ठेवणाऱ्यांची नावे अभ्यासकांच्या बरोबरीने, त्यांची इच्छा असेल तर, येतील. ऐकायला हे फार साधे वाटते. पण "सहभागी संशोधन" या नावाखाली मी जे अनेक उपक्रम पाहिले आहेत, त्यांत गावाचा सहभाग म्हणजे गावाने वेळ द्यायचा, अंगणात रांगोळीच्या रंगांनी गावाचा नकाशा काढायचा आणि फोटोसाठी त्याभोवती बसायचे, एवढाच असतो. नकाशा संध्याकाळी झाडूने निघून जातो आणि फोटो अहवालात जातो. प्रश्न कोणी ठरवला आणि कागद कोणाकडे राहिला, या दोन गोष्टी विचारल्या की संशोधन खरोखर सामाईक होते की नाही ते कळते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

आता आमच्या एका चुकीविषयी लिहायला हवे, कारण त्या चुकीतूनच आम्ही सर्वांत जास्त शिकलो. झऱ्याचे पाणी वाढवायचे तर पावसाचे पाणी डोंगरात मुरवायला हवे, हे उघड आहे. त्यासाठी उतारावर समतल चर खणतात आणि खोलगट जागी तळी करतात, ज्यांना कुमाऊँ-गढवालमध्ये चाल-खाल म्हणतात आणि जी तिथले लोक गुरांच्या पाण्यासाठी पूर्वापार करत आले आहेत. आम्ही पहिल्या वर्षी धाऱ्याच्या थेट वरच्या उतारावर चर खणवून घेतले. माझे क्षेत्रकाम तोवर सह्याद्रीतल्या बेसॉल्टमध्ये झाले होते, जिथे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असतात, आणि म्हणून वरच्या पठारावर मुरलेले पाणी त्याच बाजूच्या उतारावर खाली पाझरते हे चित्र माझ्या मनात पक्के बसलेले होते. हिमालय मात्र घड्या पडलेला, तुटलेला आणि कललेला डोंगर आहे. तिथे थर एका बाजूला झुकलेले असतात आणि पाणी उताराच्या दिशेपेक्षा थरांच्या कलाने, भूशास्त्राच्या भाषेत नतीच्या दिशेने, जाणे पसंत करते.

चर खणून झाल्यावर एका दुपारी गवताचा भारा उतरवून बसलेल्या एका दीदींनी मला सांगितले की धारच्या, म्हणजे डोंगराच्या कण्याच्या, पलीकडे जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी इथल्या तोटीतून गढूळ पाणी येते. आणि इकडच्याच उतारावर पाऊस पडला तर येत नाही. "हे सगळ्यांनाच माहीत आहे," असेही त्या म्हणाल्या. सगळ्यांना माहीत होते आणि आम्ही कोणालाही विचारले नव्हते. आमच्या प्रश्नावलीत पाण्याचे प्रमाण, चव, रंग, रांगेत लागणारा वेळ हे सारे होते. पाणी कोणत्या पावसाने गढूळ होते, हा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही होकायंत्र आणि थरांचा कल मोजणारे क्लायनोमीटर घेऊन कण्याच्या दोन्ही अंगांना उघड्या पडलेल्या खडकांवर फिरलो. वरती भेगाळलेला क्वार्टझाइट होता, त्याच्याखाली पाणी सहसा न सोडणारा शिस्ट, आणि दोघांचेही थर पलीकडून आमच्या गावाच्या दिशेने झुकलेले होते. म्हणजे पलीकडच्या उतारावर क्वार्टझाइटच्या थरांच्या कडा उघड्या होत्या, तिथे पडलेला पाऊस भेगांतून आत शिरत होता, कण्याखालून थरांच्या कलाने सरकत आमच्या बाजूला येत होता आणि शिस्टला टेकला की दोन खडकांच्या सांध्यावर धारा होऊन बाहेर पडत होता. दीदींचे निरीक्षण आणि खडकांची मोजणी एकमेकांशी तंतोतंत जुळली. आमचे चर मात्र ज्या उतारावर होते तिथले पाणी या धाऱ्याकडे येतच नव्हते. त्यांनी माती धरून ठेवली, गवत बरे आले, पण ज्यासाठी ते खणले होते ते काम त्यांच्याकडून होणे शक्य नव्हते. आठ आठवड्यांची मजुरी आणि गावाचा विश्वास आम्ही चुकीच्या उतारावर खर्च केला होता. बैठकीत हे मी सर्वांसमोर सांगितले. ते सांगताना मला अपराधी वाटले, आणि त्यानंतर लोक आमच्याशी अधिक मोकळेपणाने बोलू लागले, हेही खरे आहे.

झऱ्यांच्या बाबतीत पाणलोटाची रूढ कल्पना पुरत नाही, हे हिमालयात काम करणाऱ्यांनी आधीच ओळखले आहे. सिक्कीम सरकारने २००८ मध्ये "धारा विकास" हा कार्यक्रम सुरू केला, त्याचा पायाच हा होता की आधी खडक वाचायचा, झऱ्याचे खरे पुनर्भरण क्षेत्र, म्हणजे जिथे मुरलेला पाऊस झऱ्याला येऊन मिळतो ती जागा, शोधायचे आणि मगच खणायचे. पुण्याच्या ॲक्वाडॅम या संस्थेने तिथल्या गावांतल्या कार्यकर्त्यांना भूजलशास्त्राचे प्रशिक्षण दिले. देहरादूनची पीपल्स सायन्स इन्स्टिट्यूट आणि कुमाऊँतली चिराग या संस्थांनीही त्याच वाटेने गावागावांत झरे मोजणारी स्थानिक माणसे तयार केली. दहावी-बारावी झालेली मुलगी थरांचा कल मोजते, पाण्याची विद्युतवाहकता तपासते, तपासणीच्या बाटलीतले पाणी काळे पडले की त्यात जंतू आहेत हे ओळखते आणि पाण्याच्या समितीपुढे ते समजावून सांगते, हे दृश्य मी प्रत्यक्ष पाहिले आहे. हे शिक्षण माझ्याकडे होते आणि तरीही मी सवयीचा डोंगर मनात धरून खणायला निघाले, याची खंत अजून जात नाही.

खरे पुनर्भरण क्षेत्र सापडले आणि त्याच क्षणी प्रश्न खडकाचा न राहता माणसांचा झाला, कारण ती जमीन पलीकडच्या गावाच्या वनपंचायतीची होती. वनपंचायत ही उत्तराखंडची वेगळी व्यवस्था आहे. ब्रिटिश काळात सरकारने जंगले ताब्यात घेतल्यावर कुमाऊँत मोठा असंतोष उसळला, १९२१ मध्ये आंदोलन झाले, जंगले पेटली, आणि त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९३१ मध्ये गावांना आपापल्या वनाचा कारभार पाहण्याची रीतसर तरतूद झाली. आज राज्यात अशा ११,०००हून अधिक पंचायती आहेत. त्यांतल्या कित्येक नावापुरत्या उरल्या आहेत आणि काही अजून खरोखर जाग्या आहेत. पाण्याच्या बाबतीत मात्र उलट घडले: १९७५ च्या कुमाऊँ-गढवाल पाणी कायद्याने पाण्याच्या स्रोतांवरचा अधिकार सरकारकडे गेला. म्हणजे झाडांची जबाबदारी गावाची आणि त्या झाडांखालून येणाऱ्या पाण्याचा अधिकार सरकारचा, अशी फारकत कागदावर झाली. डोंगराला ही फारकत ठाऊक नाही.

पलीकडच्या गावाशी चार बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत त्यांच्या सरपंचांनी सरळ विचारले की तुमच्या धाऱ्यासाठी आमची चराई आम्ही का बंद करावी. या प्रश्नाला नैतिक उपदेशाने उत्तर देणे सोपे होते, आणि ते अन्यायाचे झाले असते, कारण चराईबंदीचा भार ज्या घरांत दोनतीन जनावरे आहेत आणि शेत नाही त्यांच्यावरच पडतो. वाट सापडली ती वहीमुळे. आमच्याबरोबर आलेल्या मुलीने तिथे वही उघडली आणि दर पंधरवड्याचे आकडे वाचून दाखवले, मार्चपासून पाणी कसे उतरत जाते, जूनच्या पहिल्या आठवड्यात ते कुठे येऊन थांबते, हे ऐकताना तिथल्या बायका मध्येच म्हणाल्या, "आमच्याही नौल्याचे असेच होते, पण आम्ही कधी लिहिले नाही." त्यांच्या नौल्याचे पाणी कोणत्या उतारावरून येते हेही शोधून द्यावे आणि त्यांचीही वही सुरू व्हावी, ही त्यांची अट होती. ती मागणी इतकी न्याय्य होती की आम्ही ती स्वतःहून का मांडली नाही असे वाटले. चराई एका वेळी एकाच तुकड्यात बंद ठेवायची, तो तुकडा दर दोन वर्षांनी बदलायचा, बंद तुकड्यातले गवत कापून नेण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहील आणि चर खणण्याची मजुरी त्यांच्याच गावाला मिळेल, असे ठरले.

बांज आणि चीड यांच्याबद्दलही इथे लिहिले पाहिजे, कारण कुमाऊँत पाण्याचा विषय निघाला आणि ही दोन झाडे आली नाहीत असे होत नाही. बांज म्हणजे हिमालयातला ओक. त्याची पाने चारा, फांद्या सरपण, आणि त्याखालची पालापाचोळ्याचा मऊ थर असलेली जमीन पाणी शोषून घेणारी. चीड म्हणजे पाइन. त्याच्या वाळक्या सुयांना पिरूल म्हणतात, तो उन्हाळ्यात पेट घेतो आणि आग लागलेल्या उतारावर दुसरे काही सहज उगवत नाही. बांजाच्या मुळाशी पाणी असते आणि चीड पाणी पिऊन टाकतो, असे गावातले प्रत्येक माणूस सांगते. या म्हणण्यात बरेच तथ्य आहे, कारण बांजाच्या वनातली जमीन पाऊस अधिक चांगला मुरवते. परंतु बांज असला की झरा असतोच असे नाही. झाडे पाणी उपसतातही, आणि खाली भेगाळलेला खडक नसेल तर वर कितीही सुंदर वन असले तरी पाणी झऱ्यापर्यंत पोहोचत नाही. हे मी बैठकीत सांगितले तेव्हा काही जणींना ते रुचले नाही. स्थानिक ज्ञानाचा आदर करणे म्हणजे त्यातले प्रत्येक विधान न तपासता मान्य करणे, असे मी मानत नाही. माझ्या बेसॉल्टच्या सवयीला जसे दीदींनी तपासले, तसेच बांजाच्या श्रद्धेलाही खडकाने तपासले जाणे हाच बरोबरीचा व्यवहार आहे. शेवटी पलीकडच्या उतारावर चरांच्या कडेने बांजाची रोपे लावायचे ठरले, आणि ती पाण्याइतकीच चाऱ्यासाठी आहेत हेही वहीत लिहून ठेवले.

आकडे कोणी आणि कुठे उभे राहून काढले, याला हिमालयात विशेष महत्त्व आहे आणि त्याचा इतिहास बोलका आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत असे सर्रास मानले जात होते की डोंगरातला शेतकरी सरपणासाठी आणि शेतीसाठी जंगल तोडतो, त्यामुळे माती वाहून जाते आणि खाली गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मैदानात महापूर येतात. मायकेल थॉम्पसन आणि मायकेल वॉरबर्टन यांनी या समजामागचे आकडे तपासले, तेव्हा माणशी सरपण किती लागते याविषयीच्या निरनिराळ्या अंदाजांत तब्बल ६७ पटींचा फरक असल्याचे त्यांना आढळले. एका टोकाचा आकडा खरा मानला तर डोंगर काही वर्षांत बोडका होणार होता, आणि दुसऱ्या टोकाचा मानला तर काळजीचे कारणच नव्हते. पुढे १९८९ मध्ये जॅक आइव्हज आणि ब्रूनो मेसर्ली या पर्वतशास्त्रज्ञांनी मैदानातल्या पुरांचे खापर डोंगरातल्या शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीवर फोडण्याला पुरेसा आधार नाही, असे सविस्तर मांडले. तोवर त्या समजाच्या आधाराने डोंगरी माणसाला दोषी ठरवणारी धोरणे आखली जात होती, आणि त्याच्या घरात किती लाकूड जळते हे त्याच्या चुलीपाशी बसून वर्षभर मोजणारे फार थोडे होते.

गावाने स्वतः केलेल्या अभ्यासाचेही उदाहरण याच पर्वतात आहे. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला आलेल्या प्रलयंकारी पुरानंतर चंडीप्रसाद भट्ट आणि दशोली ग्राम स्वराज्य मंडळाच्या कार्यकर्त्यांनी खोऱ्यात फिरून नुकसानीची पाहणी केली आणि ठेकेदारांकडून होणाऱ्या जंगलतोडीशी त्याचा संबंध जोडणारा अहवाल सरकारला दिला. त्याची दखल घेतली गेली नाही. १९७३ मध्ये चिपको सुरू झाले, मार्च १९७४ मध्ये रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी झाडे वाचवली, आणि त्यानंतर वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून सुमारे १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा वर्षे व्यापारी वृक्षतोड थांबवण्यात आली. भट्टांचे निरीक्षण आणि आइव्हज-मेसर्लींचे म्हणणे वरवर परस्परविरोधी दिसते. पण एक बोलतो आहे तो अरुंद दरीतल्या उघड्या पडलेल्या उताराविषयी, आणि दुसरे बोलत आहेत ते शेकडो किलोमीटर खालच्या मैदानाविषयी. निष्कर्ष कोणत्या विस्ताराला लागू आहे हे न सांगता आकडा दिला की तो कोणाच्या तरी विरुद्ध वापरला जातो, हे मला यातून शिकायला मिळाले.

परदेशातले एक उदाहरण माझ्या मनात कायम असते. ऑस्ट्रियाच्या आल्प्समधले ओबरगुर्ग्ल हे पर्यटनावर झपाट्याने वाढलेले छोटे गाव. १९७४ मध्ये तिथल्या प्रश्नांसाठी शास्त्रज्ञ आणि गावकरी, त्यांत हॉटेलमालकही, एकत्र बसले आणि त्यांनी मिळून गावाच्या भविष्याचे संगणकीय प्रारूप तयार केले. हिमकडे कोसळण्याच्या धोक्यापासून सुरक्षित अशी बांधकामाची जमीन हीच गावाची खरी मर्यादा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढच्या पिढीला घर बांधायला जागा उरणार नाही, ही गोष्ट गावकऱ्यांना बाहेरच्याने सांगितली नव्हती. ती त्यांनी स्वतः भरलेल्या माहितीतून समोर आली होती.

आमच्या खोऱ्याकडे परत येते. नळयोजनेचा प्रश्न दुसऱ्या वर्षी निकराला आला. वरच्या तोकातल्या बायका अर्ध्या तासाची चढण डोक्यावर पाणी घेऊन चढतात, त्यामुळे त्यांना नळ मिळालाच पाहिजे याविषयी कोणाचे दुमत नव्हते. आराखड्यात मात्र पाण्याचा आकडा पावसाळ्यानंतर एकदाच, ऑक्टोबरमध्ये, घेतलेला होता, आणि वहीप्रमाणे ऑक्टोबरातले पाणी मेमधल्या पाण्याच्या चौपट होते. त्या आकड्यावर नळ बसला असता तर एप्रिलनंतर खालचा नौला कोरडा पडला असता आणि वरच्या टाकीतही पाणी पोहोचले नसते. ग्रामसभेत वही ठेवली गेली, अभियंत्यांनी ती लक्षपूर्वक पाहिली आणि आराखड्यात बदल झाला: मार्च ते जून या काळात उगमावरची झडप फक्त रात्री उघडायची, दिवसभर पाणी नौल्याकडे जाऊ द्यायचे, आणि वर थोडी मोठी टाकी बांधायची. झडपेची किल्ली दोन्ही तोकांतल्या एकेका बाईकडे आहे. भांडणे पूर्ण थांबली आहेत असे नाही, पण आता ती आकड्यांवरून होतात.

मला खरी चिंता वाटते ती काळाची. संशोधनाचा निधी दोन किंवा तीन वर्षांचा असतो, आणि झऱ्याला तीन वर्षे म्हणजे फारच थोडी. एखाद्या वर्षी हिवाळ्यात बर्फ व पाऊस चांगला झाला की मेमधले पाणी वाढते, आणि चरांमुळे वाढले की पावसामुळे, हे एवढ्या नोंदींवरून वेगळे काढता येत नाही. अहवालात "पाणी वाढले" असे लिहिण्याचा मोह होतो, कारण पुढचा निधी त्या वाक्यावर अवलंबून असतो. आम्ही तसे लिहिले नाही, आणि त्याची किंमत मोजावी लागेल असे दिसते. नोंद ठेवणाऱ्या मुलीला मिळणारे छोटे मानधन पुढच्या मार्चनंतर कुठून येणार, हे अजून ठरलेले नाही. वनपंचायतीच्या निधीतून काही रक्कम देण्याचा विचार सुरू आहे आणि पलीकडच्या गावाने तर त्यांच्या वहीसाठी तशी तरतूद केलीही आहे. ती मुलगी लग्न होऊन दुसऱ्या खोऱ्यात गेली तर वही कोण लिहील, याचा विचार करून तिने स्वतःच आठवीतल्या दोन मुलींना मोजायला शिकवले आहे.

या वर्षीच्या मेमध्ये मी जाऊ शकले नाही. तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तीन मापनांची सरासरी १४८ सेकंद, मिनिटाला चार लिटरांहून किंचित जास्त. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे: "मागच्या वर्षीपेक्षा जास्त. हिवाळ्यात पाऊसही जास्त होता. पुढच्या मेमध्ये पुन्हा बघायचे." त्याच्या खाली, वेगळ्या आणि जरा वाकड्या अक्षरात, त्या दिवशी बादली धरणाऱ्या आठवीतल्या मुलीची सही आहे.